दोन मसुद्यांच्या मध्ये

दर रविवारी दादा आमच्याकडे चिक्कडपल्लीला जेवायला येतो. तो वकील, हिमायतनगरला त्याचं ऑफिस आहे. माझा नवरा पुण्याचा, नोकरीसाठी हैदराबादला आला आणि इथलाच झाला. दादा सत्ताधारी पक्षाचा, नवरा विरोधकांचा. वरण वाढून होईपर्यंत दोघांची जुंपलेली असायची. मी म्हणायची, "नक्को ना बाबांनो, जेवा आधी." ते काही थांबायचे नाहीत.

एका रविवारी मात्र थांबले. त्या आठवड्यात एका लग्नात मला माझ्याच वयाची एक बाई भेटली होती. बोलता बोलता कळलं, मी लहानपणी आबिड्सजवळच्या ज्या संगीत शाळेत जायची, तिच्याच दुसऱ्या शाखेत ती शिकली. मी माझ्या गाण्याच्या मास्तरांचं नाव घेतलं. तिनं हातातली प्लेट खाली ठेवली. "तुलाही?" तिनं विचारलं.

 रविवारी जेवताना मी सगळं सांगून टाकलं. मास्तर मला एकटीला थांबवून घ्यायचे, काय करायचे, आईला मी कसं अर्धवट सांगितलं, आई शाळेत जाऊन कशी भांडून आली. शाळेनं त्यांना काढलं नाही. दुसऱ्या शाखेत पाठवलं.

नवरा ताटावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसला.   आईनं दादाला यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. त्यानं विचारलं, "मास्तर आहेत अजून?"

"नाहीत. शाळा आहे. मला शाळेवर दावा लावायचाय, दादा. त्यांना माहीत होतं."

तो खाली बघून म्हणाला, "मुदत गेली गं. सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत लावावा लागतो भरपाईचा दावा."

"त्या वयात मला या गोष्टीला काय म्हणायचं तेसुद्धा माहीत नव्हतं."

"हौ. कायद्याला ते माहीत नाही."

ही मुदत बदलण्याची मागणी करणारे लोक आहेत, हे मला नंतर कळलं. विरोधी पक्षाच्या एका आमदारानं विधेयक आणलं होतं: अशा दाव्यांची मुदत वाढवा, जुन्या प्रकरणांनाही एक संधी द्या. सरकार म्हणालं, आम्ही आमचं आणतो. मग दोन मसुदे झाले. एक आला की हे गोंधळ घालायचे, दुसरा आला की ते. मी एकदा पास काढून विधानसभेच्या प्रेक्षक सज्जात जाऊन बसले. आमचा विषय पुकारला गेला, दोन्हीकडची माणसं उभी राहून ओरडायला लागली आणि कामकाज तहकूब झालं. एवढ्यासाठी मी इस्त्रीची साडी नेसून गेले होते.

त्या रविवारी दोघं पुन्हा भांडले. या वेळी माझ्यावरून. नवरा म्हणाला, तुमच्या सरकारनं अडवलंय. दादा म्हणाला, तुमच्या लोकांना कायदा नकोय, फोटो हवाय.

मी भाताचं पातेलं आपटलं. "दादा, तू दोन्ही मसुदे वाचलेस?"

वाचले नव्हते. नवऱ्यानंही नव्हते. मी दोघांना तिथंच बसवलं आणि मोबाइलवर वाचायला लावलं. चहा झाला तरी वाचत होते. शेवटी दादा म्हणाला, "दावा लावायच्या वयाची मर्यादा सोडली तर सारखेच आहेत." नवऱ्यानं मान हलवली. आमच्या घरात त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"मग आपापल्या माणसाकडे घेऊन चला मला," मी म्हटलं.

आधी नवऱ्याच्या ओळखीनं विरोधी आमदारांकडे गेलो. त्यांनी आदरानं ऐकलं आणि म्हणाले, "उद्या पत्रकारांसमोर या, अम्मा. सरकारचा खरा चेहरा लोकांना दिसू दे." मी नाही म्हटलं. मग दादा मला सत्ताधारी पक्षाच्या एका आमदारबाईंकडे घेऊन गेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. पण त्याही म्हणाल्या, विरोधकांनी राजकारण केलं नसतं तर केव्हाच झालं असतं.

मी तेलुगूत म्हणाले, "अक्का, त्यांनाही मी हेच सांगितलं. ते तुम्हाला बोलले, तुम्ही त्यांना बोलताय. ती शाळा अजून चालू आहे का, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही."

 बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "चालू आहे?"

"आहे. संध्याकाळी मुली असतात."

त्यांनी माझ्यासमोरच विरोधी आमदारांना फोन लावला. पहिल्यांदा उचलला गेला नाही. त्यांनी परत लावला. पुढं काय घासाघीस झाली ते मला माहीत नाही, पण महिन्याभरानं दोन्ही मसुदे एकाच समितीपुढं गेले आणि समितीनं आमच्यासारख्यांना बोलावलं. लग्नात भेटलेली ती बाई माझ्याबरोबर आली.  आत दोन्ही पक्षांचे लोक शेजारी शेजारी बसले होते. आम्ही दोघींनी आपापलं सगळं सांगितलं. एका वयस्कर आमदारांनी विचारलं, "इतकी वर्षं गप्प का राहिलात?" मी उत्तर द्यायच्या आत त्यांच्या शेजारचे, दुसऱ्या पक्षाचे, म्हणाले, "साहेब, त्या गप्प नव्हत्या. यांच्या आई गेल्या होत्या शाळेत." इतकं नीट कुणी ऐकत असेल असं मला वाटलं नव्हतं.

बाहेर फाटकापाशी नवरा आणि दादा मिरची भजी खात उभे होते. भांडत होते, पण क्रिकेटवरून.

कायदा अजून झालेला नाही. समितीनं एकच मसुदा तयार केला आहे, जुन्या प्रकरणांना संधी त्यात ठेवली आहे आणि तो पुढच्या अधिवेशनात येईल असं आमदारबाईंनी स्वतः फोन करून कळवलं. पुन्हा गोंधळ होईल का? होऊ शकतो. पण या वेळी आम्ही दोघीच नाही. समितीनंतर आणखी बायका आम्हाला शोधत आल्या. दोन पुरुषही आले. आता महिन्यातून एकदा सगळे आमच्याकडे जमतात.

मागच्या आठवड्यात दादानं माझ्या दाव्याचा मजकूर लिहायला घेतला. मी म्हटलं, "आधी कायदा तर होऊ दे."

"तयार असलेला बरा," तो म्हणाला. "वादीचं नाव काय लिहू? कोर्टाला सांगून नाव गुप्त ठेवता येतं."

"नक्को. पूर्ण नाव लिही. लग्नाआधीचं. शाळेच्या हजेरीत होतं तेच."