गाजरगवताला पाणी

मी शेतकी खात्यात कारकून. तामसी मंडळातल्या आमच्या गावात शाळेमागं गाजरगवत कमरेइतकं वाढलं होतं. त्याच्या जवळून गेलं तरी माझ्या हातांना कोपरापर्यंत खाज सुटायची.

पावसाळा सरता सरता एक तरुण शास्त्रज्ञ बाई बुरशीची पाकिटं घेऊन आल्या आणि ती पाण्यात कालवून त्या गवतावर फवारली. म्हणाल्या, "ही बुरशी फक्त याच गवताला रोग लावते. कपाशीच्या पऱ्हाटीला, ज्वारीला काही करत नाही. पण तिला ओल लागते. पंधरा दिवस रोज संध्याकाळी गवतावर पाणी शिंपडा." मी त्याच गावचा, म्हणून पंप माझ्या पाठीवर आला.

दुसऱ्याच संध्याकाळी शेजारची काकू कडब्याचा भारा घेऊन चालली होती. मला बघून थांबली.

"काऊन रे बापू, पऱ्हाटी सुकून राह्यली अन् तू गवताले पानी पाजून राह्यला?"

"ते मरावं म्हनून पाजून राह्यलो, काकू."

"पानी पाजून मरते? मंग आमची पऱ्हाटी कोरडीच बरी, बाप्पा!"

तिनं ही बातमी गावभर केली. संध्याकाळी लोक मला बघायला येऊ लागले.

दहाव्या दिवशी पानांवर तपकिरी ठिपके दिसले. कडा करपत होत्या. मी हातांची आग विसरून उकिडवा बसलो आणि पान न् पान बघत राहिलो. बाईंना फोटो पाठवले. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच वरच्या साहेबांना पाहणीसाठी बोलावलं.

साहेब येणार म्हणताच सरपंचांनी आदल्या दिवशी मजूर लावून सगळं गवत कापून काढलं आणि चुन्याच्या रेघा ओढल्या. सकाळी बाई आल्या आणि मोकळ्या जागेकडं बघतच राहिल्या.

"आता साहेबांना दाखवायचं काय?"

"गवताची का कमी हाय, म्याडम?" सरपंच म्हणाले. बाई नको नको म्हणत असताना मजुरांनी नाल्याकाठचं हिरवंगार गाजरगवत उपटून आणलं आणि चुन्याच्या रेघांत रोवलं.

साहेब दुपारी बाराला पोचले. तोवर उन्हानं रोवलेल्या सगळ्या झाडांनी माना टाकल्या होत्या.

"बहुत बढिया! कितने दिन में हुआ?" साहेबांनी विचारलं.

"एक ही दिन में, साब," सरपंच म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

बाईंनी खरं काय ते सांगितलं. साहेब हसले. बाई फार विनयशील आहेत, असं ते सरपंचांना म्हणाले. मग कोमेजलेल्या गवतात उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला.

सगळे चहाला गेले. बाई मात्र कापलेल्या गवताच्या ढिगाकडं गेल्या आणि ठिपके पडलेली पानं शोधायला लागल्या. मीही त्यांच्या शेजारी बसलो. दोघांनी मिळून कागदाच्या दोन पिशव्या भरल्या.

बाईंनी अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं, "प्रयोग अपूर्ण. पुन्हा करावा." पण साहेबांचा अहवाल आधीच पोचला होता. त्यानुसार प्रयोग यशस्वी झाला होता. यशस्वी झालेला प्रयोग पुन्हा करायला मंजुरी देता येत नाही, असं बाईंना कळवण्यात आलं. ते पत्र मीच टाइप केलं.