उचलण्याची पद्धत: दोन माणसं

गोदामात तिला सगळे टनबाई म्हणत. अंगाने म्हणाल तर काटकुळी. चष्म्यासकट बेचाळीस किलो. पण फरशांच्या त्या गोदामात फोर्कलिफ्टवर बसली, की दोन बोटांनी लिव्हर ओढून दोन टन फरशा अशा अलगद उचलायची, जशी एखादी बाई चहावरची साय उचलते. नजर तर अशी, की पेटी लांबून बघून वजन सांगायची आणि काट्यावर ठेवली की फार तर किलोभर इकडेतिकडे. मुकादमाने एकदा ऐटीत विचारलं, "माझं सांगा बघू." तिने सांगितलं. त्या दिवसापासून मुकादम दुपारचा दुसरा डबा आणीनासा झाला.

ही गाडी तिच्याकडे आली ती कुणाच्या मोठ्या मनामुळे नव्हे. आधीच्या ड्रायव्हरने महिन्याभरात तीन खांब, एक शटर आणि मालकाच्या मोटारीचा आरसा एवढं काम उरकलं होतं. ती तेव्हा फुटक्या फरशा वेचायची, आणि जेवणाच्या सुट्टीत गाडीवर बसून माल रचायचे रिकामे लाकडी पाट इकडून तिकडे ठेवून बघायची. मुकादमाने बघितलं, डोकं खाजवलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. सात वर्षं झाली. खांब सगळे जागच्या जागी आहेत.

घरी मात्र हे झाकून ठेवण्याचं प्रकरण होतं. नवरा एका कचेरीत आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या कागदावर दुसरा शिक्का मारायचा. कुणी विचारलं, बायको काय करते, तर म्हणायचा, "गोदामात जरा लिहायचं काम बघते." बायको रोज चाळीस टन हलवते हे सांगायला त्याची जीभ अडखळायची; आपण दिवसभरात रबराचा शिक्का उचलतो हे सांगताना मात्र छाती फुगायची. धाकट्या दिराची छाती तर कायमचीच फुगलेली. तो पैसे भरून रोज सकाळी जिममध्ये ऐंशी किलो लोखंड उचलायचा आणि जिथल्या तिथे परत ठेवून यायचा. त्याच वेळी त्याची वहिनी खालच्या नळावरून तिसऱ्या मजल्यावर पाणी आणत असायची. जिन्यात दोघांची गाठ पडली, की तो बिचारा भिंतीला चिकटून तिला वाट द्यायचा. संस्कार म्हणतात ते हेच.

आता दुखण्याचं. तिला तीन वर्षांपासून त्रास होता. उभं राहिलं की ओटीपोटात ओढ लागायची, आणि पुढे पुढे तर अंग बाहेर येतंय असं वाटायचं. घरात त्याला नाव नव्हतं. नाव घेतलं की ते खरं होईल अशी सगळ्यांना भीती. म्हणून ते नुसतं 'तो त्रास' होतं. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी मोठी नणंद या घराचं सर्वोच्च न्यायालय. तिने फोनवर निकाल दिला होता, "वहिनी, रात्री पायाखाली उशी घे आणि बोभाटा करू नकोस. बायकांना असतंच काही ना काही." उशी घेतली. उशीला बरं वाटलं असेल, हिला नाही.

शेवटी एके दिवशी बादली घेऊन दुसऱ्या मजल्यावरच ती मटकन बसली, तेव्हा नवरा तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. घेऊन गेला म्हणजे बाहेरच्या बाकावर बसला. आत बायकांचं प्रकरण. ऐकणं बरं दिसत नाही. तो भिंतीवरचं दातांचं चित्र अभ्यासत राहिला.

आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाशय खाली सरकलंय. व्यायाम दाखवते, एक रिंग बसवते. वजन किती उचलता?"

"रोज? चाळीस टन."

बाईंचं पेन थांबलं. "हाताने?"

"लिव्हरने. मी नुसती बसते."

"मग ते खुशाल करा. सीटवर चांगली गादी टाका. घरी काय उचलता?"

तिने सांगितलं. पाणी, ओले कपडे, आणि कंबरेचं हाड मोडल्यापासून सहा वर्षं आपली आपण उठू न शकणाऱ्या सासूबाई. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बंद. आजपासून. नाहीतर तीन महिन्यांनी ऑपरेशन." आणि कागदावर लिहिलं, 'पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. विश्रांती.'

तो कागद बाहेर आला आणि कागद म्हटल्यावर नवऱ्याचा हात आपोआप पुढे झाला. त्याने तो वाचला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा शोध लावल्याचं तेज पसरलं.

"पाच किलो! आणि तू दोन-दोन टन उचलतेस! मग काय होणार?"

"अहो, ते मी नाही उचलत, गाडी—"

"तू बोलू नकोस. तुला विश्रांती सांगितलीय."

रात्रीपर्यंत निकाल लागला. नणंद फोनवरून गरजली, "मी म्हटलंच होतं! पुरुषी काम बायकांच्या अंगाला सोसत नाही. राजीनामा दे म्हणावं, आणि घरी आराम कर." दिराने मान डोलावली आणि दंड चाचपला. नवऱ्याने राजीनामा लिहिला. काय ती भाषा! 'प्रकृतीच्या कारणास्तव सेवेतून सविनय मुक्त व्हावयाचे आहे.' खाली सहीची जागा सोडली. तिने सही केली नाही. मुकादमाला फोन करून दोन आठवड्यांची रजा तेवढी घेतली.

मुकादम म्हणाला, "टनबाई, रजेनंतरच्या सोमवारपर्यंत किल्ली माझ्या खिशात ठेवतो. त्यानंतर मालक ती जुन्या ड्रायव्हरला देणार. तो आत्ताच येऊन खांबांकडे प्रेमाने बघून गेलाय."

आणि आराम सुरू झाला. पूर्वी ती सकाळी सहा बादल्या आणायची, कारण पुढे कामाला जायचं असे. आता घरीच आहे म्हटल्यावर बारा झाल्या. पूर्वी गाद्यांना ऊन रविवारी मिळायचं. आता एक दिवसाआड. सासूबाई पूर्वी दुपारभर पडून असत, कारण उठवायला कुणी नसे. आता त्यांना दिवसातून चारदा उठवून खुर्चीत बसवायचं आणि चारदा परत झोपवायचं. नवरा कचेरीत सांगू लागला, "मिसेसना पूर्ण विश्रांती दिलीय." सातव्या दिवशी तिला उभं राहवेना. रिंग होती तरी ओढ अशी, की भिंत धरून स्वयंपाक केला. 'तो त्रास' वाढला, तेव्हा नणंदेने निदान केलं, "इतक्या वर्षांची पुरुषी कामं, आता बाहेर पडतायत. पडू दे."

सोमवारी दोहोंतलं एक ठरणार होतं, गाडी किंवा आराम. गाडी गेली की हा आराम जन्मभराचा, आणि त्याच्या टोकाला ऑपरेशन.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मुकादम विचारपूस करायला दारात आला. ती म्हणाली, "मला गोदामातला हुकाचा काटा द्या दोन दिवस. आणि पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा."

मुकादमाने दुसऱ्या दिवशी दोन्ही आणून दिलं. गोदामात प्रत्येक मालाला दोऱ्याने एक पिवळी जाड चिठ्ठी बांधलेली असते. त्यावर छापलेलं असतं: 'वजन', आणि खाली 'उचलण्याची पद्धत', एक माणूस, दोन माणसं, यंत्र. लागू असेल त्याला गोल करायचा. चिठ्ठीशिवाय मालाला हात लावायचा नाही हा तिथला पहिला धडा. घरात सात वर्षं, नव्हे लग्नापासून, सगळा माल बिनचिठ्ठीचा होता.

शनिवारी सकाळी तिने काटा दाराच्या चौकटीला अडकवला. भरलेली बादली नवऱ्याला हुकाला लावायला सांगितली. सोळा किलो. ओल्या कपड्यांचं टोपलं, चौदा. धान्याचं पोतं, तीस. चिठ्ठ्या बांधल्या गेल्या. नवऱ्याला मजा वाटत होती. आकडे दिसले की त्याला आपण कचेरीतच आहोत असं वाटायचं.

"आता आई," ती म्हणाली.

"आईला काट्याला टांगणार?" दिराने विचारलं.

"तुमचा जिमचा वजनकाटा आणा, भाऊजी. अहो, तुम्ही आईंना उचलून त्याच्यावर उभे राहा. तुमचं वजन वजा करू."

नवऱ्याने आईला उचललं. सहा वर्षांत पहिल्यांदा. उचललं म्हणजे अर्धं उचललं, मग "थांब थांब" म्हणाला, मग पाय फाकवून पुन्हा उचललं. काट्यावर चढताना त्याच्या कपाळाची शीर अशी उठली, जशी कधी कुठल्या तुंबलेल्या फाइलीपुढेही उठली नव्हती.

"एकशे चोवीस. तुमचे एकाहत्तर गेले. त्रेपन्न," ती म्हणाली आणि सावकाश चिठ्ठीवर लिहू लागली.

"अगं लवकर लिही!"

"लिहितेय ना. रोज आठ वेळा उचलते, तेव्हा कुणी घाई नाही केली."

सासूबाईंना मात्र आनंद झाला होता. "त्रेपन्नच? ह्याचे वडील मला जन्मभर हत्तीण म्हणत गेले!" खाली टेकल्यावर त्यांनी सुनेचा हात धरला आणि आवाज उतरवला. "अगं, तुला खालून ओढ लागते ना? उभं राहिलं की?"

"हो, आई."

"मलाही होतं. तीस वर्षं. मला वाटायचं सगळ्यांनाच असतं." त्यांनी मनगट पुढे केलं. "कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. बांध बाई ती चिठ्ठी. घट्ट बांध."

तिने चिठ्ठीवर 'दोन माणसं' ला गोल केला आणि ती सासूबाईंच्या मनगटाला बांधली. मग भिंतीवर खडूने बेरीज मांडली. बारा बादल्या, एकशे ब्याण्णव. आई आठ वेळा, चारशे चोवीस. कपडे चौदा. रोजचं हाताने उचललेलं वजन सहाशे तीस किलो. त्याच्या शेजारी लिहिलं, 'गोदामात हाताने उचललेलं: डबा, आठशे ग्रॅम.' आणि सगळ्यात वर डॉक्टरीणबाईंचा कागद चिकटवला.

नवऱ्याने बेरीज तीनदा तपासली. चूक सापडेना. कारकुनाचं दुर्दैव असं, की बेरीज बरोबर आली की त्याला पळता येत नाही.

त्या दिवसापासून पाच किलोवरच्या चिठ्ठीला तिने हात लावला नाही. दीर हसत हसत दोन बादल्या घेऊन निघाला. पण जिममधलं लोखंड हिंदकळत नाही, आणि त्याला जिने नसतात. चौथ्या खेपेला त्याला कंबर नावाचा अवयव सापडला, जो आरशात कधी दिसला नव्हता. "वहिनी, ह्याने हाताचा शेप बिघडतो," तो म्हणाला. नवऱ्याने दुपारपर्यंत आईला तीनदा उठवलं आणि चौथ्यांदा स्वतःच आईशेजारी आडवा झाला. दोन पुरुष, एक दिवस. घरात मलमाचा असा वास सुटला, की शेजारी विचारून गेले कोण पडलं म्हणून.

रविवारी नणंद स्वतः आली, निकालाची अंमलबजावणी बघायला. भिंतीवरची खडूची बेरीज बघून तिचं नाक वर गेलं. "हे काय शाळेसारखं? अगं, बायकांचं अंगच असं असतं, घरचं वजन त्याला लागत नाही. बाहेरचं लागतं. चल, आईला जरा उठव, मी तिचे केस विंचरते."

सून पलंगापाशी गेली नाही. सासूबाईंनीच मनगट पुढे केलं.

"चिठ्ठी वाच."

"काय आई, तूही—"

"वाच म्हणते ना."

"उचलण्याची पद्धत, दोन माणसं."

"मग? एक तू. दुसरा तो आडवा पडलाय तो. ए, ऊठ रे!"

कारकून भाऊ कण्हत उठला. बहिणीने पदर खोचला. दोघांनी आईला धरलं, आणि आईने त्या वेळी अंग असं सैल सोडलं, की त्रेपन्नचे सत्तर झाले असावेत.

"अगं बाई! कंबर! कंबर गेली माझी!" सर्वोच्च न्यायालय पलंगाच्या काठावर कोसळलं.

"तुला नाही लागायचं," सासूबाई म्हणाल्या. "घरचं आहे."

नणंद बराच वेळ धापा टाकत बसली. मग घाम पुसून तिने भिंतीवरच्या त्या आठशे ग्रॅमकडे असं बघितलं, जसं तहानलेला माणूस माठाकडे बघतो. आणि निकाल फिरला. "मी काय म्हणते, बसून करायचं काम आहे ते गोदामातलं. डॉक्टरांनीच विश्रांती सांगितलीय. मग तिकडे निदान बसेल तरी! घरात कसली आलीय विश्रांती?" नवऱ्याने जोरजोरात मान हलवली. ते हलवणंही त्याला दुखलं. पण राजीनाम्याचा कागद काढून त्याने त्याचे चार तुकडे केले, आणि तेवढ्यात असाही शेरा मारला, की चालू सेवा सोडणं नियमांत बसत नाही. पंधरा दिवसांपूर्वी हे नियम बहुधा रजेवर होते.

पाणी वर चढवायला खाली एक पंप बसवायचा, असंही त्याच बैठकीत ठरलं. तिने तीन वर्षं मागितला होता. पुरुषांच्या कमरेने एका दिवसात मिळवला. नळावर मोटरवाला आला, तेव्हा दीर त्याला सांगत होता, "वहिनीची फार काळजी हो आम्हाला."

सोमवारी सकाळी ती निघाली. नवरा दारात रेंगाळला. "अगं, आज पंप चालू व्हायचाय. जाता जाता एक बादली तेवढी—"

तिने बादलीच्या कडीला लोंबणारी चिठ्ठी त्याच्याकडे फिरवली आणि चपला घातल्या. आतून सासूबाई ओरडल्या, "सोळा किलो! एक माणूस! घरात दोन आहेत!"

गोदामात मुकादमाने खिशातून किल्ली काढली. "तब्येत कशी आहे, टनबाई?"

"विश्रांतीला आलेय," ती म्हणाली. सीटवर नवी गादी टाकली, वर बसली आणि दोन बोटांनी लिव्हर ओढला. दोन टन फरशा हवेत गेल्या. खांबाच्या आडोशाला तो जुना ड्रायव्हर उभा होता. तिने त्याच्याकडे एक नजर टाकली.

"पंच्याऐंशी," ती मुकादमाला म्हणाली. "बाजूला करा. उचलण्याची पद्धत, दोन माणसं."