गव्हर्नर काट्यावर

"वजनं सोडायची तर आधी त्यांचं वजन करावं लागेल," कस्टम्सच्या मॅडम म्हणाल्या.

"करा ना," मी म्हणालो.

"पास झालेल्या काट्यावर. बंदराचा काटा बंद आहे. दुसरा मोठा काटा एकच आहे, तुमचा."

"पण तो पास करायलाच तर ही वजनं आणलीत."

"बरोबर. म्हणून तुमचा काटा आधी पास करून घ्या."

मी ट्रक तोलायचे काटे बसवतो. आमच्या मलकापूरच्या कारखान्यात ते तयार होतात. वर लोखंडी प्लॅटफॉर्म, खाली लोडसेल. लोडसेल म्हणजे दाब मोजून त्याचा आकडा करणारे ठोकळे. काटा बसवला की त्यावर खात्रीची वजनं ठेवायची, आकडा जुळतो का पाहायचं, नसेल तर जुळवायचा. मग सरकारी शिक्का. त्याला काटा पास होणं म्हणतात. चिखली, उंद्री, साखरखेर्डा या भागात मी आयुष्यभर हेच केलं.

परदेशातला हा आमचा पहिलाच काटा. आफ्रिकेतल्या एका देशाची समुद्राकाठची राजधानी, तिथला काजूचा डेपो. शहराचं नाव सांगत नाही, मॅडम अजून नोकरीत असतील. कस्टम्स आणि वजनमाप ही दोन्ही खाती त्यांच्याच टेबलावर होती. शहर गोऱ्यांनी वसवलेलं. रस्ते सरळ, इमारती पिवळ्या आणि पोपडे सुटलेल्या, दुतर्फा गुलमोहर. हवा अशी की धुतलेला शर्ट तिसऱ्या दिवशीही ओलाच. आमच्याकडं मे महिन्यात तो पिळून होईस्तोवर वाळतो.

करार कडक होता. सोमवारी काजूची खरेदी सुरू. तोवर काटा पास नसेल तर ट्रक दुसऱ्या डेपोकडे वळणार आणि आम्ही आमचा काटा उखडून परत न्यायचा. मी आमच्या कारखान्याच्या शेठला फोन लावला.

"काऊन हो इंगळेसाहेब, वजनावर वजन लिहेल नाही काय? वीस किलो म्हनून?"

मी तेच मॅडमना सांगितलं.

"लिहिणारे कोण? तुम्हीच ना?"

यात मला खोट काढता येईना. जिनिंगवाल्यांना मी हेच ऐकवत आलो आहे.

डेपोचा मॅनेजर ऑगस्टो हे ऐकत होता. मग म्हणाला, "या शहरात एकाच मोठ्या वस्तूचं वजन सरकारनं स्वतः जाहीर केलंय. गव्हर्नरचं."

गव्हर्नर म्हणजे पुतळा. गोऱ्यांच्या काळात मुख्य चौकात होता. स्वातंत्र्यानंतर उतरवून जुन्या किल्ल्याच्या आवारात आडवा टाकला. ब्राँझचा, आणि पायाशी वजन ओतीव अक्षरांत: २१४० किलो.

मॅडमनी विचार केला. "तो अजूनही सरकारी मालमत्ता आहे. आकडाही सरकारी आहे. चालेल. पण पास तात्पुरता, फक्त तुमची वजनं तोलण्यापुरता."

आम्ही किल्ल्यावर गेलो. गव्हर्नर पपईच्या झाडाखाली उताणे पडले होते, उजवा हात वर. डाव्या मुठीत मात्र नुसतं भोक.

"इथं काय होतं?" मी विचारलं.

"तलवार," ऑगस्टो म्हणाला. "सोडा हो, किती भरणार ती?"

"ते तोलल्यावर कळेल. तिच्याशिवाय आकडा जुळला तरी मी सही करणार नाही," सोबत आलेल्या मॅडम म्हणाल्या.

तलवार चौकीदाराकडं निघाली. तो तिनं पपया पाडायचा. संध्याकाळपर्यंत परत आणायच्या बोलीवर त्यानं ती दिली.

क्रेननं गव्हर्नरना ट्रकवर चढवलं आणि आम्ही समुद्राकाठच्या रस्त्यानं निघालो. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. पाववाल्या बाईनं शिव्या दिल्या. सिग्नलला ट्रॅफिक पोलिसानं पुतळ्याचा वर केलेला हात पाहून गोंधळून आम्हाला पुढं जाऊ दिलं. माझ्यासोबत वडनेर भोलजीचा सुधाकर फिटर होता. तो म्हणाला, "इंगळेभाऊ, हे तं आपल्या तहसीलीतल्या सायबावानी हात दाखवून राह्यले. उद्या या म्हनून!"

डेपोत क्रेननं त्यांना थेट काट्यावर ठेवलं. शेजारी तलवार. आकडा आला २०८०.

साठ किलो कमी. नवा काटा इतका चुकत नाही. मी तसं मॅडमना बोललो.

"गव्हर्नर चुकले असं लिहून द्याल?"

पुरावा नव्हता. मी काटा साठनं चढवून २१४० वर जुळवला. तात्पुरता पास मिळाला. लगेच बंदरातून आमची शंभर वजनं आली. वीस-वीस किलोची, एकूण दोन हजार. हमालांनी काट्यावर रचली. आकडा आला २०६०. तो तसाच येणार हे मी आधीच सांगितलं होतं.

मॅडम खुर्चीतून उठल्या. "साठ किलो लोखंड जास्त आहे. कागदावर नाही. कुठं लपवलंत?"

"नग मोजा. शंभरच आहेत."

"शंभरच आहेत. प्रत्येकात थोडं थोडं लपवलं असेल."

माल जप्त. शेठ फोनवर ओरडले, "लोखंडात लोखंड कोन लपवते बे!" मला ते कधी 'बे' म्हणत नाहीत.

मी मॅडमना म्हणालो, "एक तर ते गव्हर्नरसाहेब खोटं बोलताहेत, नाही तर मी."

"दोघंही बाहेरून आलेले," त्या म्हणाल्या. "कुणावर विश्वास ठेवू?"

सुधाकर फाटकाबाहेर पाहत होता. तिथं एक बाई मासे विकत बसली होती. "भाऊ, तिच्या काट्यावर शिक्का कोनाचा हाय, पाहा बरं."

शिक्का मॅडमच्याच खात्याचा होता. तीस किलोपर्यंत पास.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "नियमाप्रमाणं माल एकदमच तोलावा लागतो. पण खोटं कोण बोलतंय हे ठरवण्याचा नियम नाही. करा."

मासेवालीनं कोळंबी बाजूला केली आणि सुधाकर एकेक वजन ठेवत गेला. वीस. वीस. वीस. निम्म्यावर आलो तेव्हा बाई ओरडली, "माझा बर्फ वितळतोय!" मॅडमनी तिला बसायला सांगितलं. शंभरही वजनं वीसच भरली. आता त्यांना माशांचा वास येत होता, तेवढीच तक्रार.

जप्ती उठली. मी काटा पुन्हा जुळवला, खऱ्या वजनांवर. मग मॅडमनीच सांगितलं, "त्यांना परत चढवा."

गव्हर्नर, तलवारीसह: २०८०.

मॅडम प्लॅटफॉर्मवर गेल्या. वाकून ती ओतीव अक्षरं वाचली, मग पुतळ्याचा तळ न्याहाळला. कुठं कापल्याची खूण नव्हती. "हा पुतळा शहराच्या करातून, किलोच्या भावानं घेतला होता," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा तेव्हा कर भरत होते." आणि पहिल्यांदाच हसल्या. काट्यावर शिक्का बसला. पुतळ्याच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं, तूट मूळची. नाही तर चौकीदाराची चौकशी लागली असती.

सोमवारी काजूचे ट्रक आमच्या काट्यावर चढले. तलवार मात्र द्यायला उशीर झाला. चौकीदार फुरंगटला होता. पिकलेली पपई पाखरांनी खाल्ली होती.

ज्याच्यावर वजन लिहिलेलं असतं त्यालाही एकदा काट्यावर चढवावं, एवढं मी त्या शहरात शिकलो. शिकवलं सरकारनं, तेही नाइलाजानं.