कोरडी काडी

मला याद्या करायची सवय आहे. तळेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. तिथे यादीशिवाय स्क्रूसुद्धा जागचा हलत नाही. त्यामुळे बाबांची जुनी गाडी पुन्हा रंगवायची ठरली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी वहीत नवं पान काढलं. पत्रा, प्रायमर, लांबी, पुन्हा प्रायमर, रंग, पॉलिश. प्रत्येकापुढे तारीख. शेवटची तारीख सप्टेंबरमधली, बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची. त्या दिवशी आईला शेजारी बसवून, स्वतः गाडी चालवत शिरगावच्या साईबाबांना जाऊन यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

गाडी माझ्या जन्माआधीची. गोल नाकाची, क्रीम रंगाची. लोणावळ्याला घरामागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. पेंटर बाबांनीच ठरवले. आंदर मावळातले, सत्तरीला टेकलेले. पूर्वी एकदा त्यांनीच गाडीचा दरवाजा रंगवला होता. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांच्या गावाला एसटी मोजक्याच, म्हणून काम चालू असेपर्यंत ते शेडमध्येच मुक्कामाला असत.

सामान निवडताना आमचं चांगलं जमलं. प्रायमरपुढे मी रेड ऑक्साइड लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं.

"हितल्या हवेत उघड्या पत्र्याला इपॉक्सीच. आन् लांबी त्याच्यावर. लांबी लय पानी पिती, ताई."

लांबी म्हणजे पत्र्याचा खड्डा बुजवायची पुट्टी. ती नखाएवढीच जाड हवी, असा त्यांचा नियम. खड्डा आधी हातोडीने ठोकून काढायचा, पुट्टीने झाकायचा नाही. रंगाची शेड त्यांनी बॉनेटवरून घेतली नाही. डॅशबोर्डमधल्या कप्प्याचं झाकण सोडवलं आणि आतली बाजू बाबांसमोर धरली. "हितं ऊन शिरल्यालं न्हाई. ह्यो खरा रंग." बाबांनी झाकण हातात घेतलं आणि बराच वेळ परत दिलंच नाही.

अडलं ते प्रायमरच्या तारखेला. ऑगस्ट संपत आला होता आणि पत्रा घासून उघडा झाला होता. भाऊंची एक रीत होती. रात्री झोपण्याआधी ते एक आगपेटी अर्धी उघडून बॉनेटवर ठेवत. सकाळी पहिल्याच ओढीला काडी पेटली, तर हवा कोरडी. मग डबा उघडायचा. गुल नुसताच घासला गेला, तर दिवसभर दुसरं काम. लोणावळ्याच्या त्या हवेत तीन सकाळी गुल पेटीवर पिठासारखा पसरला.

"भाऊ, दोन हॅलोजन लावून देते. पत्रा तापेल की."

"पत्रा तापंल. हवा कोन तापवनार?"

"पण माझ्या यादीत प्रायमर कालच होता."

"मग यादीत पाऊस कुटल्या वारी थांबनार त्ये बी लिवलं आसंल. बघा जरा."

बाबा खुर्चीत बसून हसले. मी नाही हसले. तारखा मागून पुढे मोजल्या तर हातात एक दिवसही जादा नव्हता.

चौथ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी शेडमध्ये गेले. भाऊ बाहेर नळावर तोंड धूत होते. देवापाशी प्लास्टिकच्या डबीत ठेवलेली आगपेटी मी पदराआड आणली होती. छाप तोच, आमच्याकडे सगळे एकाच दुकानातून घेतात. बॉनेटवरची उचलली, ही ठेवली, तशीच अर्धी उघडून. त्याला काही क्षण लागले असतील.

भाऊ हात पुसत आले. काडी ओढली. पेटली. त्यांनी ज्योतीकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं, मग पुन्हा ज्योतीकडे. "कमाल हाय बुवा," म्हणाले, आणि इपॉक्सीचा डबा उघडायला बसले. डोळ्यांना दिसत होतं त्यापेक्षा त्यांनी काडीवर विश्वास ठेवला. मी वहीत खूण केली आणि बस पकडली.

सहस्रचंद्रदर्शन ठरल्या दिवशी झालं. बाबा आईला शिरगावला नेऊन आले. येताना बेगडेवाडीच्या फाटकापाशी थांबावं लागलं, तर लोक गाडीचे फोटो काढत होते, हे आई आल्यागेल्याला सांगायची.

उन्हाळ्यात मडगार्डवर फोड आले. आधी रव्याएवढे, मग साबुदाण्याएवढे. बाबांनी भाऊंना बोलावून घेतलं. त्यांनी अंगठा फिरवला, एक फोड नखाने फोडला. खाली गंज होता, थेट पत्र्यावर.

"काडी तर पेटली व्हती," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही.

"वय झालं हो, भाऊ," बाबा म्हणाले. "तुमचं बी, माझं बी. हात पहिल्यासारखा राहत नाही."

"व्हय," भाऊ म्हणाले. "आसंल तसंच."

मी तिथेच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी आत जाऊन चहा टाकला. सगळं पुन्हा करून देतो, असं ते जाताना म्हणाले; बाबा नको म्हणाले.

त्यानंतर भाऊंनी कुणाचं काम घेतलं नाही. हे मला कामशेतच्या गॅरेजवाल्याकडून कळलं, तेही दोन वर्षांनी, बोलता बोलता. "आपली काडीच खोटी निघाली म्हणतात," तो म्हणाला. त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "मला काय सांगतेस?" एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी स्कूटर घेऊन आंदर मावळात गेले. भाऊ अंगणात बसून विळ्याला धार लावत होते. आगपेटी, देवघरातली डबी, नळ, सगळं क्रमाने सांगितलं. यादी वाचावी तसं सांगितलं. दुसरं मला येत नाही. विळा दगडावर थांबला.

"म्हंजे काडी बराबर व्हती," ते म्हणाले.

"हो, भाऊ."

"आन् हात?"

"हातही."

त्यांनी विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. "मंग रंगाची गन उगाच इकली," म्हणाले.

मी घाईने म्हटलं, नवी स्प्रे गन आणते, गाडी पुन्हा तुम्हीच करा, या वेळी तारीख तुमची. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे आडवा धरला. बोटं हलकी कापत होती.

"दोन वर्सं धरली न्हाई ना," ते म्हणाले. "बसा. चा घेऊन जावा."

गाडी आता पुन्हा उघड्या पत्र्यावर आहे. वहीत तिचं पान आहे. पेंटरपुढची जागा मी अजून भरलेली नाही.