देवातलं तांबं

दत्तानं टाक माझ्या ऐरणीवर आदळला.

"मावशी, देवात तांबं कावून घातलंस? बीडला मशीनवर दिसलं."

धारूरच्या बाजारात माझं टाकांचं दुकान आहे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठशानं उठवलेला घरचा देव. भाऊ वेगळे झाले की जुने देव थोरल्याकडे राहतात. धाकटा नवे करून घेतो, पण जुन्या टाकाची एक कपची नव्या चांदीत वितळवायला देतो. त्याशिवाय घरचे तो देव मानत नाहीत.

"वाटणीत मिळालेली कपची तूच आणलीस. तुझ्यासमोर मुशीत टाकली."

"मुशीत काय झालं कुणाला ठावं? बायको म्हणती, ह्यो बाजारातला देव. देव्हाऱ्यात ठेवू देईना."

"थोरल्याला जुना टाक घेऊन बोलाव."

"त्याच्याशी बोलत न्हाई मी."

"बोलू नको. नुसता बोलाव."

थोरला अंकुश आला. तिघं बीडला गेलो. दत्ताच्या टाकाला वापरलेल्या नव्या चांदीचा, कपची न मिसळलेला एक तुकडा मी बरोबर घेतला. मशीन चालवणाऱ्या जयानं मला समजावलं ते असं: मशीन वस्तूवर एक्स-रे सोडतं. मग प्रत्येक धातूतून आपापल्या जातीचे किरण निघतात. ते मोजून कोणता धातू किती, ते पडद्यावर येतं. घासायचं नाही, वितळवायचं नाही.

तिनं नवा टाक निरनिराळ्या जागी तपासला. सगळीकडे तेच. चांदी, थोडं तांबं, किंचित शिसं, सोन्याचा अंश.

"सोनं?" दत्ता म्हणाला.

"मी न्हाई घातलं. एवढी दानशूर न्हाई मी."

माझ्या तुकड्यात नुसती चांदी निघाली. मग जुना टाक ठेवला. त्यात तांबं बरंच, शिसं आणि सोनंही जास्त.

"आज्जानं निजामाचे रुपये आटवून केलते," अंकुश म्हणाला.

जया म्हणाली, "जुन्या रुपयांत तांबं असायचंच, शिसं-सोन्याचा अंशही. वितळलेली कपची मशीनला वेगळी दिसत नाही. पण जुन्यातलं सगळं नव्यात आहे, कमी प्रमाणात. तुकड्यात त्यातलं काहीच नाही."

अंकुशनं नवा टाक उचलला, कपाळाला लावला आणि दत्ताच्या हातात दिला.

"घरचाच हाय बे. बायकोला माझं नाव सांग."

टाक दत्ताच्या देव्हाऱ्यात बसला म्हणे. आता गिऱ्हाइकाला आधीच सांगते, निव्वळ चांदी पाहिजे असेल तर भावाकडून कपची आणू नका.