तोंड माका, पोट तुका

सबंध वेंगुर्ला तालुक्यात वाळवीने पुस्तकांचं जेवढं नुकसान केलं नसेल, तेवढं शिरोड्याच्या माझ्या एकट्या मामांनी केलं आहे. जुना दिवाळी अंक हाती लागला, की कोलंबी सोलावी तसं ते त्याचं मुखपृष्ठ सोलून काढत. टरफल जपून स्वतःकडे आणि आतला सगळा ऐवज माझ्या पुढ्यात. "घे गो बाय. तोंड माका, पोट तुका." आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि हे बिनतोंडाचे अंक वाचून तिथवर पोचले, हे ताठ मानेने सांगते. मामांनी मात्र पोटातली एक ओळ कधी वाचली नाही.

पडवीभर सुंभ बांधून त्याला कपड्यांच्या चिमट्यांनी ती मुखपृष्ठं टांगलेली. चित्रांत बहुतेक बायकाच, आणि निम्म्याजणींच्या हातात पणती. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून सगळ्याजणी चुलीवरच्या माळ्यावर मुक्कामाला जात. त्यामुळे तुळशीच्या लग्नाला परत टांगल्या, की त्या नटलेल्या बायकांना सुक्या बांगड्यांचा वास यायचा. "इतक्यो बायलो घरात हाडलास," मामी म्हणायची, "एक तरी भांडी घासता काय?" मामांना काळजी वेगळीच. एकदा मी एका पणतीवालीला खिडकीशी टांगायला गेले, तर ओरडले, "थंय नको गो! वारो आसा, दिवो इझात." मी तेव्हा कॉलेजात होते. कागदावरचा दिवा विझत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ती आतल्या भिंतीला लावली ती लावलीच. हल्ली समुद्रावर येणारे पर्यटक पडवीत डोकावतात. एकाने किंमत विचारली, तर "घरच्या माणसांका कोण इकता?" म्हणून मामांनी त्याला सोलकढी पाजून वाटेला लावलं.

आता काचबिंदूने मामांची नजर जवळजवळ गेली आहे. गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी चिमटे चाचपत रोज एक फेरी असतेच. कोण कुठे आहे ते वासावरून कळतं म्हणतात. हे खोटं आहे. वास सगळ्यांचा एकच.

गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला, "तुझ्याकडची पोटां घेवन ये." मी पत्र्याची पेटीच घेऊन गेले. मामा पडवीत बसले होते, मांडीवर तीच पणतीवाली.

"ही दिवो घेवन कोणाची वाट बघता गो? इतकी वर्सां इचारूक नाय. माका दिसत होती, तितक्यान भागला. पोटात लिवला आसतला. वाच."

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचा आतल्या कथांशी काडीचा संबंध नसतो. आणि मी तोंडावर बोलणारी, हे सगळा गाव जाणतो. सांगणारच होते. पण मामा कान माझ्याकडे करून बसले होते, आणि वाऱ्याच्या बाजूने त्यांनी एक हात त्या पणतीला आडवा धरला होता.

"थांबा मामा," मी पानं उलटत म्हटलं, "सोधतंय."