दुबार प्रत

कर्जतच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी संगणक सांभाळते. त्या मंगळवारी सकाळी बाळंतपणाच्या जुन्या कागदांचे गठ्ठे भरून रद्दीचा टेंपो खोपोलीच्या अलीकडच्या कागद कारखान्याकडे निघाला. त्यानंतर अर्ध्या तासाने माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी आली. लाल पट्टीचा अर्थ, काही कागद कुठेच सापडत नाहीत.

हे सगळे कागद आम्ही वर्षभर खपून स्कॅन केले होते आणि सर्च सर्व्हरमध्ये भरले होते. बाईचं नाव टाका, गाव टाका, कागद समोर हजर. एका मशीनवर भरवसा नको म्हणून तीन मशीन ठेवली, दोन कर्जतला आणि एक खालापूरच्या शाखेत. अशा प्रत्येक मशीनला नोड म्हणतात. सगळ्या कागदांचे काही भाग पाडून ते तिघांत वाटले जातात. प्रत्येक कागदाची एक नक्कल दुसऱ्या नोडवर ठेवायची की नाही, ते एका आकड्यावर ठरतं. एक लिहिला तर नक्कल ठेवली जाते, शून्य लिहिलं तर नाही.

रेकॉर्डच्या खोलीतल्या ताईंना हा आकडा फार आवडला होता. बावीस वर्षं त्यांनी ते गठ्ठे फडक्यात बांधून, डांबरगोळ्या घालून जपले होते. स्कॅन झालेल्या कागदाच्या मागे त्या पेन्सिलने 'दुबार' लिहायच्या, तालुक्याच्या कचेरीत नकलेवर लिहितात तसं. खोली नव्या लॅबसाठी रिकामी करा असा सचिवांचा हुकूम आला, तेव्हा त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"दुबार हाय ना गं?"

"हो ताई. एक इथे, एक दुसरीकडे."

"मंग कुठं करू सही?"

नष्ट करण्याच्या रजिस्टरमध्ये छापलेलं होतं, प्रती दोन ठिकाणी असल्याची खात्री केली आहे. त्याखाली त्यांनी सावकाश, पूर्ण नावाने सही केली. खात्री मी करायची होती, सही त्यांची घेतली. निवृत्तीला त्यांना एक महिना उरला होता.

लाल पट्टी बघून मी आधी चिडले. चूक माझी असली की मला आधी दुसऱ्याचा राग येतो, हा माझा जुना रोग आहे. खालापूरच्या कंपाउंडरला फोन लावला.

"मशीन बंद केलंत का?"

"नाय ओ मॅडम. सकाळी लाईट गेलती, आली. मशीन चालू हाय. हिरवा दिवा बी लागलाय."

माझ्या यादीतही तीन नोड दिसत होते. फक्त खालापूरच्या नोडसमोर भरलेली जागा जवळजवळ शून्य होती. एक तृतीयांश कागद तिथे होते, आणि आता तिथे काहीच नव्हतं. तरी हरकत नाही, त्यांच्या नकला इथे असतील, असं म्हणून मी तो आकडा उघडला.

शून्य.

कागद भरताना नकला बंद ठेवल्या की काम भराभर होतं. सगळेच तसं करतात, आणि भरून झालं की एक करतात. आमचं भरून होतच नव्हतं, कुठल्यातरी कपाटातून आणखी एक गठ्ठा निघायचा. ते एक करणं राहून गेलं. आणि इतके महिने पट्टी हिरवी होती, कारण ती एवढंच बघते की तुम्ही मागितलं तेवढं आहे का. मी नक्कल मागितलीच नव्हती. वेगळा बॅकअप कुठे घ्यायचा यावर दोन बैठका झाल्या होत्या आणि चहा चांगला होता.

एवढ्यात सचिवांचा फोन. "विश्वस्त मंडळी बाराला येतायत. माझ्या स्क्रीनवर हे लाल काय दिसतंय? तेवढं हिरवं करा."

हिरवं करता येत होतं. हरवलेल्या भागाच्या जागी कोरा भाग बसवायची आज्ञा असते. ती देताना 'माहिती गेली तरी मला मान्य आहे' अशा अर्थाची ओळ आपणच टाइप करावी लागते. यंत्र तुमच्या वतीने ते लिहीत नाही. मी ती ओळ लिहिली. खोटं कशाला बोलू, बोट एंटरवर होतं. बारा वाजता पट्टी हिरवी असती, आणि एखादी बाई दाखल्यासाठी येईपर्यंत कोणाला पत्ताही लागला नसता. ती आली असती तर सापडत नाही म्हणून परत गेली असती. रजिस्टरवर सही ताईंची होती.

मी ओळ खोडली आणि रेकॉर्डच्या खोलीत गेले. ताई रिकाम्या फळ्या पुसत होत्या.

"ताई, दुबार नव्हतं. मी न बघता सांगितलं."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "टेंपोवाला फोन उचलतो का बघ."

तो उचलत नव्हता. आम्ही माझ्या स्कूटरवरून निघालो. पळसदरीपर्यंत त्यांच्या हाताची पकड मला खांद्यावर कळत होती. मध्येच म्हणाल्या, "कोंडाणे गावाच्या वरच्या वाड्यांतल्या बाया हितं बाळंत झाल्या. त्यांच्या लेकरांचा जन्म दुसरीकडं कुठं लिवलेलाच नाय गं." मी म्हणाले, माहीत आहे. खरं तर तोवर मला तो आकड्यांचा हिशेबच वाटत होता. मला स्वतःची लाज वाटली.

कारखान्याच्या फाटकाशी ताई उतरल्या. आमचा टेंपो आत उभा दिसत होता. "मी ह्याला धरते, तू खालापूरला जा," म्हणाल्या आणि पदर खोचून चौकीदाराला न विचारता आत शिरल्या.

खालापूरला पोचले तेव्हा कंपाउंडर दारातच होता. मशीनशेजारी कागद ठेवायची मोठी डिस्क होती, तिच्यावर कॅलेंडर ठेवलेलं. वायर जागेवर. मी मशीनला विचारलं, ही डिस्क तुला दिसते का? नाही. लाईट आल्यावर मशीन आधी उठलं, डिस्क मागून. डिस्क सापडली नाही तर सुरूच होऊ नकोस, ही ओळ मी सेटिंगमध्ये लिहिली नव्हती. म्हणून सर्व्हरने त्याच नावाचा नवा कोरा फोल्डर केला आणि आत संसार थाटून बसला. पत्ता तोच, पाटी तीच, सामान शेजारी पडलेलं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

साधी आज्ञा दोनदा चुकली. सर्व्हर थांबवला, डिस्क जोडली, फोल्डर उघडला. फाइली होत्या. सर्व्हर परत सुरू केला. लाल पट्टी तशीच राहिली, मग त्या भागांची नावं एकेक करून यादीत परत येऊ लागली. शेवटचा भाग आल्यावर मी खाली फरशीवरच बसले आणि रडले. कंपाउंडर बिचारा पाणी घेऊन आला. मग मी त्या शून्याचं एक केलं. पट्टी पिवळी झाली, म्हणजे कागद आहेत पण नकला अजून पुऱ्या नाहीत, आणि त्या नकला कर्जतकडे उतरायला लागल्या. तिकडे जाणारं नेट गोगलगायीचं आहे.

परत कारखान्याशी आले तेव्हा ताई फाटकाबाहेर, आमच्या टेंपोच्या सावलीत बसल्या होत्या. गठ्ठे टेंपोत होते. मी स्कूटर लावता लावताच सांगितलं, "मिळालं ताई. सगळं मिळालं."

त्यांनी मान हलवली. "हितं दोन गठ्ठे गेले. मी पोचायच्या आधी लगदा करायच्या पाण्याच्या टाकीत टाकले त्यांनी."

"कुठले?"

"वरच्या वाड्यांचे. भिजू नयेत, दबू नयेत म्हणून मीच सगळ्यात वर ठेवले होते. उतरवताना तेच पयले उतरले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, कागद तपासताना बघायच्या तसं.

"आता ती लेकरं तुझ्याकडंच," म्हणाल्या. "किती जागी हायत?"

मी फोन काढला. नकलेचे एकतीस टक्के झाले होते. सकाळी लाईट गेली तशी ती खालापूरला पुन्हा कधीही जाऊ शकत होती.

"अजून एकाच जागी," मी म्हणाले.